गाडी ४७ची, वजन ४८वर: रिॲक्टमध्ये स्टेट ठेवायची तरी कुठे?

कपाशीतला_कोडर · सोमवार, रात्री ११.२०

मंडळी, नमस्कार. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी समुद्रपूर तालुक्यातला. घरची सात एकर, कपाशी अन् तूर. दिवसा वावर, रात्री कोड. आमच्या भागातल्या एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) गाड्यांच्या नोंदीचं वेब ॲप करून दिलं आहे. सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाली, कापूस यायला लागला, आणि पंधरा दिवसांत ॲपनं माझी झोप उडवली.

जिनिंगमध्ये कधी गेला नसाल तर आधी क्रम सांगतो, कारण सगळा घोळ त्या क्रमातच आहे. गाडी फाटकावर येते, टोकन मिळतं. ग्रेडर कापूस हातात घेऊन धागा ओढून पाहतो, दोन-तीन जागी मीटर खुपसून ओलावा बघतो, भाव ठरतो. मग काट्यावर भरलेल्या गाडीचं वजन. मग गंजीवर गाडी खाली करायची. मग परत काट्यावर, रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक तो कापूस. शेवटी मुनीमजीकडे हिशोब अन् चुकारा.

फाटक, ग्रेडर, काटा, मुनीम. चार जागा, फाटकावर दोन फोन, बाकीकडे एकेक, सगळे तीन जीबी रॅमवाले अँड्रॉइड. नेट कधी दोन काड्या, कधी तेही नाही.

आता माझं पाप. ॲप रिॲक्टमध्ये (वेब ॲपचे पडदे बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आहे आणि त्यात राउटर, म्हणजे पत्त्यानुसार पान दाखवणारा भाग, नाही. यूट्यूबवर शिकत होतो तेव्हा राउटरचा व्हिडिओ अठरावा होता, मी अकराव्यापर्यंत पोचलो तोच काम मिळालं. मग 'पान' नावाचं एक स्टेट व्हेरिएबल केलं (स्टेट म्हणजे ॲपला त्या क्षणी लक्षात असलेली माहिती). त्यात 'टोकन' असेल तर टोकनाचा कंपोनंट, म्हणजे पडद्याचा तुकडा, 'वजन' असेल तर वजनाचा. आणि सगळ्यांसाठी एकच मोठं स्टोअर, म्हणजे स्टेटची कोठी, त्यात 'चालूगाडी' नावाची एक वस्तू. ज्याला जे हवं ते त्यानं तिथून घ्यावं.

झालेले घोळ असे. फाटकावरच्या पोरानं अर्धं टोकन भरून सवयीनं बॅक दाबलं की तो थेट ॲपच्या बाहेर. ग्रेडरनं कापसाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि परत आला की फॉर्म कोरा. मुनीमजींनी एका गाडीचं पान मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवलं, तर मालकाला गाडी नाही, ॲपचं पहिलं पान दिसलं.

हे तिन्ही सोसलं असतं. चौथं सोसवत नाही. ४७ टोकनाची ट्रॉली खाली होऊन काट्यावर आली. मापाऱ्यानं रिकामं वजन २,१४० टाकून जतन दाबलं. नेट नव्हतं, चक्र फिरत राहिलं. मागे ४८ची ट्रॉली रिकामी उभी, हॉर्न वाजतोय. त्यानं यादीत जाऊन ४८ उघडली. तेवढ्यात नेट आलं, सर्व्हरकडून ४७चं उत्तर आलं आणि माझ्या कोडनं ते इमानदारीत 'चालूगाडी'त भरलं. चालू गाडी तोवर ४८ झाली होती.

४८चं भरलेलं वजन ५,३१०. त्यासमोर रिकामं २,१४० आयतंच भरलेलं दिसलं. मापाऱ्याला वाटलं झालं काम, त्यानं हिशोबाला पाठवून दिलं. ३१.७० क्विंटल. खरं रिकामं वजन होतं २,४८०, म्हणजे कापूस २८.३० क्विंटल. ३.४० क्विंटलचा फरक, ७,००० च्या भावानं २३,८०० रुपये. पकडलं मुनीमजींनी, ॲपनं नाही. ते म्हणाले, "ही ट्रॉली मी आठ वर्षं पाहून राहिलो, ही कधी चोवीसशेच्या खाली येत नाही."

हंगाम चालू आहे, सगळं पाडून नव्यानं बांधता येणार नाही. कुठून सुरुवात करू?

वणीचा_पोट्टा · सोमवार, रात्री ११.४१

काका, वजन बदललं तं बदललं, ट्रॅक्टर तं आपापल्या घरी गेला ना?

मजाक करून राह्यलो. मले बी हेच झालं होतं कॉलेजच्या प्रोजेक्टात. गाईडनं इचारलं, बॅक काहून नाई होत? म्या म्हटलं, सर आपलं ॲप फक्त पुढंच जाते.

औंधकर · मंगळवार, सकाळी ८.०५

राउटर न घेता सिंगल पेज ॲप प्रॉडक्शनला गेलं हे वाचून दचकलो, पण लिहिलंत छान.

उत्तर सरळ आहे. रिॲक्ट राउटर घाला. सर्व्हरवरून येणाऱ्या डेटासाठी टॅनस्टॅक क्वेरी, म्हणजे पूर्वीची रिॲक्ट क्वेरी. उरलेल्या किरकोळ स्टेटसाठी झुस्टांड. टाइपस्क्रिप्ट नसेल तर तेही. आमच्या टीमनं हे स्थलांतर दोन स्प्रिंटमध्ये केलं होतं.

कपाशीतला_कोडर · मंगळवार, सकाळी ८.५०

औंधकर, आभार. माझी टीम म्हणजे मी आणि लाईन. त्यातली लाईन दुपारी दोनला जाते.

चार लायब्रऱ्यांची नावं मलाही माहीत आहेत. मला कळत नाही ते हे: कोणती गोष्ट कुठे ठेवायची? झुस्टांडमध्ये 'चालूगाडी' ठेवली तर तोच घोळ नव्या नावानं होणार ना?

औंधकर · मंगळवार, सकाळी ९.१२

होईल. मुद्दा मान्य.

जुनं_खोड · मंगळवार, दुपारी १.३०

धागालेखकानं योग्य जागी बोट ठेवलं आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुटक वाटलं तर चालवून घ्या.

मी नागपुरात अँग्युलरजेएसच्या (रिॲक्टच्या आधीचं वेब ॲपचं फ्रेमवर्क) काळापासून हे काम करतो. तेव्हा आम्ही यूआय-राउटर वापरायचो. त्यात पानाला पान म्हणतच नसत, 'स्टेट' म्हणत. प्रत्येक स्टेटला नाव, तिच्या पोटात उपस्टेट, आणि तिला चिकटलेला पत्ता. ॲप कुठे उभं आहे आणि पत्त्याच्या पट्टीत काय लिहिलंय, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे त्यात डोक्यात बसायचं. पुढे रिॲक्ट आलं २०१३ला, त्यात राउटर अंगचा नव्हता, वेगळा घ्यावा लागे. मग २०१५ला डॅन अब्रामोव आणि अँड्र्यू क्लार्कचं रिडक्स, म्हणजे स्टोअरची लायब्ररी, आलं आणि लोकांनी दिसेल ते उचलून स्टोअरमध्ये कोंबलं. ड्रॉपडाउन उघडा आहे की बंद, हेसुद्धा. मीही कोंबलं आहे. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार डिसेंबर २०२१ला संपला, पण ती एक सवय सोडायला नको होती असं मला अजून वाटतं.

तुझ्या 'चालूगाडी'बद्दल. चालू कोणाची? फाटकावर चालू गाडी ५२, ग्रेडरकडे ५०, काट्यावर ४८, मुनीमाकडे ४५. एवढंच काय, एकाच फोनवर विनंती पाठवताना चालू एक आणि उत्तर येताना दुसरी. 'चालू' ही गाडीची माहितीच नव्हे. बघणारा कुठे उभा आहे, याची ती माहिती. आणि बघणारा कुठे उभा आहे हे सांगायला ब्राउझरनं पत्त्याची पट्टी दिली आहे. पत्ता असा कर: /गाडी/४७/रिकामं. टोकन क्रमांक तिथून वाच, दुसरीकडून कुठूनही नको. स्टोअरमध्ये गाड्या क्रमांकानुसार ठेव, ४७च्या कप्प्यात ४७, ४८च्या कप्प्यात ४८. उत्तर येईल तेव्हा ते स्वतःच्या क्रमांकाच्या कप्प्यात जाईल, मग स्क्रीनवर कोणीही असो.

बाकीच्या प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न विचारतो: पान मेलं तर ही जगायला हवी का, आणि कोणासाठी? मेनू उघडा आहे की बंद, मेला तर मेला. कंपोनंटच्या आतलं यूजस्टेट, म्हणजे त्याची स्वतःची स्टेट, पुरे. अर्धवट भरलेला फॉर्म त्याच फोनवर जगायला हवा, तो फोनच्या साठवणीत. कोणती गाडी, कोणता टप्पा, यादीला कोणती चाळणी लावली, हे लिंक पाठवल्यावर दुसऱ्यालाही दिसायला हवं, ते पत्त्यात. जतन झालेलं वजन फोन विहिरीत पडला तरी राहायला हवं, ते सर्व्हरवर. तुझ्याकडे असते ती फक्त त्याची नक्कल, आणि नक्कल शिळी होते हे धरूनच चालायचं.

आणि निव्वळ वजन कुठेही ठेवू नकोस. भरलेलं वजा रिकामं, दर वेळी काढ. तीन आकडे ठेवले की कधी ना कधी तिघांचं पटत नाही.

यवतमाळी_ताई · मंगळवार, दुपारी ३.१०

वाचनखूण साठवली. मी आयटीआयच्या मुलामुलींना वेबचं शिकवते, उद्याच्या तासाला हेच उदाहरण घेणार.

एक शंका, दादा. पत्त्यात ठेवा म्हणता, पण माझ्या मुलांना एकदा पटलं की ती सगळंच पत्त्यात घालतात. एकीनं शेतकऱ्याचा आधार क्रमांक आणि खाते क्रमांक पत्त्यात घातला होता. लिंक व्हॉट्सॲपवर फिरली असती तर?

जुनं_खोड · मंगळवार, सायंकाळी ६.४५

बरं झालं ताई, तुम्ही काढलंत. पत्ता म्हणजे पोस्टकार्ड. ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो, फॉरवर्ड होतो. त्यात फक्त क्रमांक, चाळणी, पान किती नंबरचं, एवढंच. आधार, खातं, फोन नंबर कधीच नाही. आणि लिंक हाती लागली म्हणून गाडी दिसायला नको. बघणाऱ्याला हक्क आहे का ते सर्व्हरनं दर वेळी तपासायचं. राउटरमध्ये लावलेली आडकाठी ही नुसती सोय, कुलूप नव्हे. कोड फोनवरच आहे, ज्याला काढायची तो काढतो.

वरुडचा_संत्रा · मंगळवार, रात्री १०.१५

राजेहो, कॅमेऱ्याचं कोनीच नाई बोललं. त्याच्यावर म्या दोन महिने घातले, आमचं संत्र्याच्या बागेच्या सौद्याचं ॲप हाय.

गोष्ट अशी हाय का भाऊ, कॅमेरा उघडला का फोनले रॅम पुरत नाई. मंग अँड्रॉइड मागचं क्रोम मारून टाकते. तू फोटो काढून वापस आला का क्रोम पान नव्यानं लोड करते. तुले वाटते फॉर्म पुसला गेला. तो पुसला नाई, तो जिथं होता तेच पान मेलं. मेमरीतलं सारं गेलं, रिडक्स असो का झुस्टांड असो.

उपाय: दर खान्यात काई टाइप केलं का थोडं थांबून, अर्धा सेकंद समज, मसुदा फोनमंधी लिहून टाकायचा. लोकलस्टोरेज चालते, पण त्यात नुसता मजकूर जाते अन् जागा पाच एमबीच्या आसपास. फोटो ठेवाचा असन तं इंडेक्सडडीबी घे, त्यात फोटो जसाच्या तसा बसते. अन् मसुद्याच्या किल्लीत टोकनाचा नंबर टाक. 'मसुदा' एवढंच नाव देशीन तं ४७चा मसुदा ४८ले चिकटन, पुन्हा तोच घोळ.

दुसरं, पान बंद होताना येनाऱ्या 'बिफोरअनलोड'च्या भरवशावर राहू नको. फोनवर तो इव्हेंट येते बी अन् नाई बी येत. पान झाकलं गेलं का 'व्हिजिबिलिटीचेंज' येते, शेवटची लिखापढी तिथं करून घे.

तिसरं, नेट हाय का नाई ते 'नॅव्हिगेटर ऑनलाइन'ले इचारू नको. वायफायले जोडलेला असला का तो 'हाव' म्हणते, मंग त्या वायफायच्या पुढं नेट असो का नसो. विनंती पाठव, उत्तर आलं तं खरं.

वणीचा_पोट्टा · मंगळवार, रात्री १०.२२

संत्रा भाऊ, हे सारं तुमी कुठून शिकले?

वरुडचा_संत्रा · मंगळवार, रात्री १०.३०

व्यापाऱ्याच्या शिव्या खाऊन.

कपाशीतला_कोडर · बुधवार, रात्री ११.५५

सगळ्यांचे आभार. आज राउटर घातला, फक्त काटा अन् यादी एवढ्या दोन पानांना. 'पान' व्हेरिएबल बाकीच्यांसाठी अजून जिवंत आहे, दोन्ही शेजारी-शेजारी नांदताहेत. बॅक दाबलं की माणूस यादीवर येतो. फाटकावरचा पोरगा म्हणाला, आता हे खऱ्या ॲपसारखं झालं.

पण दोन नवी दुखणी. एक, मुनीमजींनी लिंक पाठवली, मालकानं उघडली, तर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. माझ्या फोनवर यादीतून गेलं की तेच पान नीट उघडतं, रिफ्रेश केलं की ४०४. दोन, मी हौसेनं पत्ते मराठीत ठेवले, तर व्हॉट्सॲपवर लिंक पेस्ट केली की टक्क्याच्या चिन्हांची माळ येते.

औंधकर · गुरुवार, सकाळी ७.५०

४०४चं कारण: यादीतून जाताना सर्व्हरला कोणी विचारतच नाही. राउटर पुशस्टेट (ब्राउझरची सोय) वापरून पट्टीतला पत्ता बदलतो आणि कंपोनंट बदलतो, झालं. रिफ्रेश केलं किंवा लिंक उघडली की ब्राउझर खरोखर सर्व्हरकडे '/गाडी/४७' नावाची फाइल मागतो. ती तिथे नाहीच. सर्व्हरला सांगायचं, जी फाइल सापडणार नाही तिच्या जागी इंडेक्स पान दे, पुढचं राउटर बघेल. एनजिन्क्स नावाच्या वेब सर्व्हरमध्ये ट्राय-फाइल्सची एक ओळ आहे. एपीआयचे (माहिती देण्या-घेण्याचे) पत्ते मात्र त्यातून वगळा, नाहीतर चुकीच्या एपीआय पत्त्यालाही २०० (म्हणजे 'ठीक') आणि एचटीएमएल मिळेल आणि तुम्ही अर्धा दिवस जेसनची चूक शोधत बसाल. हा अर्धा दिवस माझा गेलेला आहे.

वरुडचा_संत्रा · गुरुवार, सकाळी ८.४०

सर्व्हरवर हात नाई पोचत असन, फुकटच्या होस्टिंगवर असशीन, तं हॅशवाला, म्हंजे पत्त्यात # टाकणारा, राउटर घे. हॅशच्या पुढचं सर्व्हरकडे जातच नाई, मंग ४०४ कायचा येते? आमचं दोन हंगाम तसंच चालू हाय.

औंधकर · गुरुवार, सकाळी ९.००

चालतं, पण जुनी पद्धत आहे. आज नव्या ॲपला कोणी हॅश सुचवणार नाही.

वरुडचा_संत्रा · गुरुवार, सकाळी ९.०६

म्या आत्ताच सुचवला ना.

जुनं_खोड · गुरुवार, दुपारी १.१५

भांडू नका. सर्व्हर हाताशी असेल तर औंधकर म्हणतात ते, नसेल तर संत्रा म्हणतो ते. गिऱ्हाइकाला हॅश दिसतसुद्धा नाही.

मराठी पत्त्यांचं. पत्ता तारेवरून जाताना ठरावीक रोमन अक्षरं-अंकांतच जातो. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइटला टक्का धरून तीन चिन्हं. म्हणजे 'गाडी' यातल्या ग, काना, ड, वेलांटी या चौघांची ३६ चिन्हं होतात. ब्राउझर पट्टीत कौतुकानं मराठी दाखवतो, कॉपी केलं की खरं रूप बाहेर येतं. बिघडत काही नाही, पण मालकाला वाटतं लिंक फसवणुकीची आहे. पत्त्यांत रोमन ठेव, पडद्यावर मराठी ठेव.

त्याच जातीचं आणखी एक. मुनीमजींच्या फोनला मराठी कीबोर्ड आहे का? त्यांनी साध्या मजकुराच्या खान्यात '२४८०' देवनागरीत टाइप केलं तर जावास्क्रिप्ट त्याला आकडा मानत नाही, 'नॅन' (नॉट अ नंबर, म्हणजे 'आकडा नाही') मिळतो. आणि नॅनची खोड अशी की तो पुढच्या प्रत्येक बेरीज-वजाबाकीला चिकटत जातो. आत येताना अंक बदलून घे, एकाच जागी.

कपाशीतला_कोडर · गुरुवार, रात्री ९.४०

दादा, नॅन! गेल्या आठवड्यात एका बिलावर रकमेच्या जागी तेच छापून आलं होतं. मला वाटलं प्रिंटर बिघडला.

यवतमाळी_ताई · शुक्रवार, सकाळी १०.२०

आज वर्गात हे घेतलं. एका मुलीनं विचारलं, गाडी कोणत्या टप्प्यावर आहे हेही पत्त्यात, म्हणजे कोणी सरळ हिशोबाचा पत्ता टाइप केला आणि गाडी अजून खाली झालीच नसेल तर? मला पटकन उत्तर देता आलं नाही.

जुनं_खोड · शुक्रवार, दुपारी १.४०

त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी. पत्ता सांगतो बघणाऱ्याला काय पाहायचं आहे. गाडी खरोखर कुठवर आली, हे सांगणारा सर्व्हर. दोन्ही जुळले नाहीत तर सर्व्हरचं खरं धरायचं आणि बघणाऱ्याला गाडीच्या खऱ्या टप्प्यावर नेऊन सोडायचं. तसं नेताना पुश (इतिहासात नवी नोंद) नाही, रिप्लेस (आहे तीच नोंद बदलणं). नाहीतर तो बॅक दाबेल, चुकीच्या पत्त्यावर जाईल, तिथून परत पुढे ढकलला जाईल, आणि जन्मभर तिथेच फिरेल.

धागालेखका, टप्पा कसा साठवतोस?

कपाशीतला_कोडर · शुक्रवार, रात्री ११.१०

लाज वाटते सांगायला. पाच बुलियन, म्हणजे हो-नाहीचे रकाने. ग्रेडझाली, भरलेलंझालं, खालीझाली, रिकामंझालं, बिलझालं. आणि वरून 'लोड होतंय' अन् 'चूक आली' वेगळे.

जुनं_खोड · शनिवार, सकाळी ९.३०

पाच बुलियनचे मेळ ३२. तुझ्या क्रमात गाडीच्या खऱ्या अवस्था मोजून बघ: टोकन, ग्रेड झाली, भरलेलं वजन, खाली, रिकामं वजन, बिल. सहा. ग्रेडरनं परत पाठवली ती सातवी, आणि ती तर तुझ्या पाचांत कुठेच नाही! उरलेल्या २६ मेळांत ग्रेड न होता बिल झालेली गाडी आहे, खाली न होता रिकामी झालेली आहे. कधी ना कधी त्यातली एक फाटकातून आत येणार.

पाच झेंडे काढ आणि 'अवस्था' नावाचा एकच शब्द ठेव. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येतं त्याचा छोटा तक्ता कर. ग्रेडिंगमधून भरलेल्या वजनाकडे किंवा 'परत'कडे, तिसरीकडे नाही. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल आणि खरेदी सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) निकषांनी असेल, तर गाडी 'परत'कडेच जाईल. १२पर्यंत असेल तरच पुढे. याला फायनाइट स्टेट मशीन म्हणतात. त्याचीच पुढची आवृत्ती, स्टेटचार्ट, डेव्हिड हॅरेलनं १९८७च्या निबंधात मांडली. रिॲक्टवाल्यांना ती एक्सस्टेट नावाच्या लायब्ररीत मिळते. तुला लायब्ररी नको, तक्ता पुरे, पण तो सर्व्हरवरही लाव. नुसता फोनवर लावलेला तक्ता कामाचा नाही.

वणीचा_पोट्टा · शनिवार, सकाळी ९.५२

म्हंजे कोड लिवाच्या आधी मुनीमजीले इचारलं असतं तं सहा अवस्था त्यायनच सांगितल्या असत्या.

कपाशीतला_कोडर · सोमवार, रात्री १०.३५

पोट्ट्या, तू मजाक केलास, पण मी काल खरंच मुनीमजींच्या बाजूला तीन तास बसलो. ॲपच्या आधी ते काय करायचे ते विचारलं. त्यांनी कपाटातून जुनं चिठ्ठीबुक काढलं. पातळ गुलाबी कागद, आडव्या पाच रेघा. फाटकावर नंबर पडायचा आणि चिठ्ठी गाडीवानाच्या खिशात जायची. ग्रेडर त्याच चिठ्ठीवर ओलावा अन् भाव लिहायचा, काटेवाला भरलेलं वजन, गंजीवरचा माणूस नुसता टिक, काटेवाला पुन्हा रिकामं. वरची रेघ कोरी असली तर खालच्यानं लिहायचं नाही, गाडी मागं धाडायची. दोन ट्रॉल्यांची वजनं अदलाबदल व्हायचा प्रश्नच नव्हता, कारण कोणाकडेही 'चालू गाडी' नावाची वेगळी वही नव्हती. चिठ्ठी गाडीबरोबर चालायची. मी ती चिठ्ठी गाडीवानाच्या खिशातून काढून सगळ्यांच्या मध्ये एका टेबलावर ठेवली होती, आणि तीही एकच.

आता हालहवाल. 'अवस्था' एक शब्द झाला. तक्ता सर्व्हरवर लागला. निव्वळ वजनाचा रकाना काढून टाकला. हमीभाव मी कंपोनंटमध्येच लिहून ठेवला होता, लांब धाग्याचा ७,५२१, तो २०२४-२५चा. २०२५-२६ला ८,११० झाला तरी एका फोनवर जुना टॅब उघडाच असल्यामुळे ७,५२१च दिसत होता. तोही आता सर्व्हरवरून, हंगामाच्या नावानिशी येतो.

पण ऐका, शनिवारी रात्री सगळं झाल्यावर तपासायला बसलो. पत्त्यात ४७, रिकाम्याच्या खान्यात २१४० टाइप केलं, जतन नाही केलं. खालच्या 'पुढची गाडी' दुव्यावरून ४८वर गेलो. पत्ता ४८ झाला, नाव ४८चं, आणि खान्यात २१४० तसंच! अंगावर काटा आला. चालूगाडी तर मी पुरून टाकली होती. हे कुठून आलं?

औंधकर · सोमवार, रात्री १०.५०

हे मला माहीत आहे! रूट, म्हणजे पत्त्याचा साचा, एकच, कंपोनंट एकच, फक्त पत्त्यातला क्रमांक बदलला. रिॲक्टच्या दृष्टीनं तो तोच कंपोनंट आहे, तो काढून नवा बसवत नाही, म्हणून आतलं यूजस्टेट तसंच राहतं. कंपोनंटला 'की' म्हणून टोकन क्रमांक द्या. की बदलली की रिॲक्ट जुना टाकतो, नवा बसवतो. यूजइफेक्ट (काही बदललं की आपोआप चालणारा कोड) लिहून खाना हातानं रिकामा करत बसू नका.

सोबत, यूजइफेक्टमधून माहिती मागवत असाल तर त्याच्या क्लीनअपमध्ये ॲबॉर्टकंट्रोलरनं जुनी मागणी रद्द करा. ४७चं उशिरा आलेलं उत्तर ४८च्या पानावर पडायला नको. पण जतनाची विनंती रद्द करू नका, ती सर्व्हरपर्यंत पोचलीही असेल.

कपाशीतला_कोडर · सोमवार, रात्री ११.०२

एक शब्द. फक्त 'की'. झालं, चाललं. पहिल्या दिवशी तुमच्यावर लाईनीचा टोमणा मारला होता, तो परत घेतो.

औंधकर · सोमवार, रात्री ११.०५

राहू द्या, आमच्याकडेही आज लाइट नव्हती.

वरुडचा_संत्रा · मंगळवार, सकाळी ७.३०

भाऊ, जतन दोनदा दाबलं तं? नेट नसलं का मापारी दाबतच राह्यते.

कपाशीतला_कोडर · मंगळवार, दुपारी १२.४५

ते पहिल्याच आठवड्यात झालं होतं, एका गाडीची दोन बिलं. आता फॉर्म उघडतानाच फोन एक लांबलचक यादृच्छिक ओळखक्रमांक बनवतो आणि तो मसुद्याबरोबर राहतो. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर नवी नोंद करत नाही, आधीचंच उत्तर परत देतो. ब्राउझरचं 'रँडमयूयूआयडी' वापरलं. फक्त एक, ते एचटीटीपीएसवरच चालतं. लोकलहोस्टवर चाललं म्हणून मी खुशीत होतो, जिनिंगच्या आतल्या साध्या पत्त्यावर उघडलं तर फंक्शनच सापडेना.

एक दुखणं अजून बाकी आहे. नेट नसताना फाटकावरच्या दोन फोनांनी दोन गाड्यांना ५३च टोकन दिलं. टोकन नंबर फोननं द्यायचा नाही हे कळतं, पण शेतकरी फाटकाशी उभा असतो, त्याला काहीतरी हातात द्यावंच लागतं.

यवतमाळी_ताई · मंगळवार, दुपारी २.०५

प्रत्येक फोनला एक अक्षर द्या ना. अ-५३ आणि ब-५३. आमच्याकडे परीक्षेच्या बैठक क्रमांकांना असंच करतो.

कपाशीतला_कोडर · मंगळवार, दुपारी २.२०

ताई, चार दिवस मी यावर डोकं फोडतोय. आज रात्रीच लावतो.

शेवटचं छोटंसं. यादीत शोधायचा खाना आहे, दादांनी सांगितल्यासारखं शोधलेला शब्द पत्त्यात ठेवला. लिंक पाठवली की चाळणीसकट जाते, मस्त. पण 'समुद्रपूर' टाइप केलं की नंतर बॅक आठ-दहा वेळा दाबावं लागतं, एकेक चिन्ह मागे जातं.

वणीचा_पोट्टा · मंगळवार, दुपारी २.२६

काका, हे मले येते! टाइप करताना पुश नाई, रिप्लेस.

कपाशीतला_कोडर · मंगळवार, दुपारी २.४१

झालं. आता गाईडला सांग, बॅक होते म्हणून.